लेकीचं नाक आणि प्लास्टिक सर्जरी – नाशिककरांनो, सल्ला हवाय

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज विषय वेगळा आहे.

लेक २३ वर्षांची, एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. सहावीत असताना सोसायटीतल्या झोपाळ्याचा लोखंडी दांडा नाकावर बसला. रक्त थांबलं, सूज उतरली, आम्हीही विसरलो. नाक मात्र डावीकडे कललं ते कललंच, वर मधोमध उंचवटाही आला. दिवाळीनंतर स्थळं बघायला सुरुवात केलीय. परवा एका बाईंचा फोन आला, "अहो, समोरून काढलेला फोटो नाही का?" समोरूनच काढलेला होता तो.

तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. हे म्हणतात, नाशिकची पोरगी, नाकावरून बोलणी खायचीच. यांना सगळ्यात विनोद सुचतो. गंगापूर रोड-कॉलेज रोडला पाट्या वाचत फिरले तर एकाच पाटीवर केस, लेझर, नाक, पोट, सगळं. यात सर्जन कोण आणि पार्लर कोण?

संक्रांतीनंतर बघण्याचे कार्यक्रम सुरू होतील. त्याआधी ऑपरेशन उरकेल का? मेडिक्लेम मिळतो का? कुणी करून घेतलं असेल तर अनुभव लिहा. डॉक्टरांची नावं विपूतच (माझ्या विचारपुशीत, खासगी निरोपाने) द्या, इथे नकोत.

तपोवनी

ताई, आधी अवांतर, मग मुद्द्याचं कुणीतरी लिहीलच.

लक्ष्मणाने पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक, हे आपण शाळेपासून ऐकतो. (नऊ शिखरांवरून नाव पडलं म्हणणारेही आहेत, त्यांनी वेगळा धागा काढावा.) पण कापलेलं नाक परत बसवण्याची गोष्टही फार लांबची नाही, पुण्याजवळची आहे. कावसजी नावाचा मराठा गाडीवान १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या माणसांनी त्याला धरलं आणि नाक व एक हात कापला. वर्षभराने विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. नाकाच्या आकाराचा मेणाचा पातळ पत्रा केला, तो कपाळावर सपाट पसरून रेघ मारली, तेवढी कातडी सोलून भुवयांच्या मध्ये एक देठ तसाच ठेवला आणि पीळ देऊन ती खाली नाकावर वळवली. चिकटवायला काय, तर पाण्यात भिजवलेला कात! आपल्या पानाच्या टपरीवरचा. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे स्वतः पाहिलं, लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये चित्रासकट छापलं आणि ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तसंच ऑपरेशन केलं. देठ ठेवून कातडी फिरवण्याची ती पद्धत आजही वापरतात.

त्यामुळे 'प्लास्टिक सर्जरी म्हणजे परदेशी थेरं' असं कुणी म्हणणार असेल तर जपून.

आजोबा_७२

थेरंच आहेत. देवाने दिलेल्या नाकाला काय झालं? आमच्या वेळी मुलगी बघताना घरदार, वळण बघायचे. कुणी नाकाचा कोन मोजत नव्हतं. ज्यांना नाक चालत नाही, त्यांच्या घरी मुलगी देऊच नये.

भरीतभाकर

आजोबा, शेवटचं वाक्य एकदम पटलं. पहिल्या वाक्याबद्दल एवढंच, की गेल्या आठवड्यात तुम्हीच नव्या कवळीचा धागा काढला होता. दात काय देवाने परत मागितले होते?

आजोबा_७२

कवळी चावायला लागते.

सातपूरकर

आणि बोट काम करायला लागतं, भो. प्लास्टिक सर्जरी म्हटलं की सगळ्यांना हिरोइनी आठवतात, म्हणून माझं सांगतो.

कंपनीत पॉवर प्रेसवर होतो. उजव्या हाताच्या तर्जनीचं पेर समोरून सोललं गेलं, आतलं हाड दिसत होतं. मला वाटलं आता कापून टाकतील. प्लास्टिक सर्जनने मधल्या बोटाच्या पाठीची कातडी दरवाजासारखी उघडली, तर्जनीवर लावली आणि दोन्ही बोटं एकमेकांना शिवून टाकली. मधल्या बोटावर उघडी पडलेली जागा झाकायला दंडाची पातळ कातडी. जवळजवळ तीन आठवडे दोन बोटं जोडलेली. डाव्या हाताने वरणभात खायचो, शर्टाची बटणं बायको लावायची, पोरगं म्हणायचं पप्पा सारखी शपथ घेतात. मग दुसऱ्या छोट्या ऑपरेशनने बोटं सोडवली. आज त्याच बोटाने हे टाइप करतोय. थंडीत ठणकतं, पण आहे.

सातपूर-अंबडला काम करणाऱ्यांनो, हे लिहून ठेवा. बोट तुटून वेगळं झालं तर तुकडा थेट बर्फात टाकू नका, पाण्यातही बुडवू नका. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. आमच्याकडे एकाने घाईत तुकडा बर्फाच्या डब्यात टाकून आणला, तो बसवता आला नाही.

डॉ_सुईदोरा

मी प्लास्टिक सर्जन आहे, नाशिकचाच. पेशंट गोळा करायला आलेलो नाही, म्हणून आयडीमागेच राहतो. विपूत नाव विचारू नका.

गोदाकाठचीताई, आधी संक्रांत विसरा. नाकाच्या ऑपरेशननंतर साधारण आठवडाभर नाकावर पट्टी असते, डोळ्यांखालचं काळंनिळं ओसरायला दोनेक आठवडे जातात. लोकांत जाण्याइतका चेहरा महिन्याभरात होतो, पण शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं. आपल्याकडच्या जाड कातडीला तर लागतंच. दोन महिन्यांनी पाहुण्यांना जे नाक दाखवाल ते अर्धवट नाक असेल.

दुसरं. नाकाला मार लागल्यावर हाड दोनेक आठवड्यांत जागेवर बसवलं तर सोपं जातं. तुम्हाला ११-१२ वर्षं झालीत, म्हणजे आता हाड मुद्दाम कापून सरळ करावं लागेल. बाहेरून नाक इतकं कललंय तर आतला पडदाही वाकडा असण्याची शक्यता बरीच आहे. ती एका नाकपुडीने नीट श्वास घेते का? रात्री तोंड उघडं टाकून झोपते का? तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये स्थळांची बाई आहे, तुमची झोप आहे, मिस्टरांचा विनोद आहे. मुलगी काय म्हणते ते कुठेच नाही.

पाट्यांबद्दल. एम.एस. जनरल सर्जरी झाल्यावर तीन वर्षं एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी, किंवा त्याच विषयातलं डी.एन.बी., ही आमची पदवी. नाकाचं काम कान-नाक-घशाचे सर्जनही करतात, त्यातले काही त्यात फार चांगले असतात. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' हा शब्द कुणीही पाटीवर लिहितो. सर्जनचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत शोधा. भूल कोण देणार, रात्री काही झालं तर अतिदक्षता विभाग कुठे, हे विचारायला लाजू नका. एवढ्या प्रश्नांनी चिडणारा डॉक्टर असेल तर तिथेच उठा.

आणि ऑपरेशन कुणाला नाही म्हणायचं, हा आमच्या कामाचा मोठा भाग आहे. साखर आटोक्यात नसेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर थांबावं लागतं. वाढीचं वय संपलेलं नसेल तर शोभेसाठी नाकाला हात लावत नाही. तंबाखू तर वैरीच. एक गोष्ट सांगतो, गाव सांगत नाही. तीन बाळंतपणांनंतर लोंबलेल्या पोटाचं ऑपरेशन करायला एक बाई आल्या. वजन सहा महिने स्थिर, पुढे मूल नको, सगळं बसत होतं. मी विचारलं, तंबाखू? "छे!" सिगरेट? हसल्या. ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी टाक्यांची मधली कड काळी पडायला लागली. राउंडला गेलो तर सासूबाई उशाशी डबी उघडून बसलेल्या आणि या बाई बोटाने मिश्री लावतायत! "ही होय, ही तर दात घासायची." निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, ताणलेल्या कातडीला रक्त पोचत नाही. दोन महिने ड्रेसिंग चाललं. तेव्हापासून मी 'तंबाखू खाता का' विचारत नाही. मिश्री, गुटखा, तपकीर, एकेक नाव घेऊन विचारतो, आणि चार आठवडे आधी बंद, चार आठवडे नंतर बंद.

फोटोवाला_रविवारकारंजा

ताई, एक विचारू? तो फोटो मोबाइलने हातभर अंतरावरून काढलेला होता का?

गोदाकाठची

हो, तिनेच काढलेला. सेल्फी म्हणतात तो.

फोटोवाला_रविवारकारंजा

वाटलंच. मी वीस वर्षं स्थळांचे फोटो काढतोय. कॅमेरा जवळ आला की चेहऱ्यात जे पुढे असतं ते फुगतं, आणि चेहऱ्यात सगळ्यात पुढे नाकच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणितच मांडलं होतं. पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. लोक तो फोटो घेऊन सर्जनकडे जातात! कललेलं नाक कललेलंच राहील, मी जादूगार नाही. पण सहा-सात फुटांवरून, खिडकीच्या उजेडात फोटो काढा. मोबाइलनेच काढा, फक्त दुसऱ्याच्या हातात द्या.

विमावाला

मेडिक्लेमचं सांगतो. सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत न मिळणाऱ्या गोष्टींची यादी असते, त्यात कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी असते. पण पुढची ओळ वाचा. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतर पुन्हा घडवण्यासाठी केलेली सर्जरी, किंवा तब्येतीला असलेला थेट, तातडीचा धोका टाळायला गरजेची आहे असं डॉक्टरने लिहून दिलेली सर्जरी, या यादीत धरत नाहीत, म्हणजे तिचा क्लेम करता येतो. श्वासासाठी आतला पडदा सरळ करणं बहुतेक पॉलिसींत बसतं, बऱ्याच ठिकाणी दोन वर्षांचा थांबा असतो. बाहेरचं नाक सरळ करणं अपघातामुळे आहे हे दाखवायला जुना कागद लागेल. सहावीतला केस पेपर शोधा. ऑपरेशनच्या आधी लेखी मंजुरी घ्या, नंतर भांडून काही होत नाही.

जीएसटीचंही तसंच. नुसत्या शोभेच्या सर्जरीवर १८ टक्के लागतो. जन्मजात व्यंग किंवा अपघातामुळे बिघडलेलं दुरुस्त करायचं असेल तर नाही.

दिंडोरीची_सून

माझ्या धाकट्या दिराचा मुलगा वरचा ओठ दुभंगलेला जन्मला. बाळंतिणीला पहिला आठवडा काय काय ऐकावं लागलं! ग्रहणात भाजी चिरली, ग्रहणात विळी हातात घेतली. बिचारी ग्रहणाच्या दिवशी माहेरी झोपून होती. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांच्या पथकाने सांगितलं की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात याचं ऑपरेशन मोफत होतं. आम्हाला जन्मल्या जन्मल्या करून हवं होतं. ते म्हणाले साधारण तीन महिन्यांचा होऊ दे, वजन भरू दे, रक्त वाढू दे. टाळूही फाटलेली होती, ती दुसऱ्यांदा, वर्षाच्या आसपास, बोलायला लागायच्या आधी शिवली. तोवर दूध पाजताना त्याला उभं धरावं लागायचं, नाहीतर नाकातून बाहेर. आता पहिलीत आहे. 'प' आणि 'ब' म्हणायला अजून शिकवणीला नेतो. ओठावर एक बारीक रेघ आहे, मिशी आली की तीही जाईल.

याला कुणी 'कॉस्मेटिक' म्हणालं की माझं डोकं फिरतं.

टक्कलपुराण

माझं शुद्ध कॉस्मेटिक होतं, लपवत नाही. वय २४, कपाळ मागे सरकत होतं. जाहिरात बघून एका सेंटरमध्ये (नाव लिहीत नाही) केस लावून घेतले. डॉक्टर पहिल्या दिवशी दहा मिनिटं दिसले, पुढचे सात तास दोन पोरं काम करत होती. मागच्या बाजूने इतकं ओरबाडलं की आता न्हावी विचारतो, उंदीर लागला होता का?

पुढे नीट शिकलेल्या डॉक्टरकडे गेलो तेव्हा कळलं. मागचे केस टिकाऊ म्हणून ते पुढे लावतात, पण ते मोजकेच, संपले की संपले. चोविसाव्या वर्षी टक्कल अजून कुठवर जाणार ठाऊक नसतं, म्हणून शहाणा डॉक्टर थांबायला सांगतो. माझे पुढचे केस राहिले आणि त्यामागचे गेले. मधे बेट झालंय. लावलेले केसही आधी महिन्याभरात गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतात, खरा निकाल वर्षाने. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. केस गळायला लागले तेव्हा मी बाथरूममध्ये बसून रडलो होतो.

वाचनमात्र

चार वर्षं फक्त वाचतोय, हा पहिला प्रतिसाद. मुलगा आहे, २१ वर्षांचा. मला आठवीपासून छाती होती. पोरं काय म्हणायची ते इथे लिहीत नाही. मे महिन्यातही टी-शर्टच्या आत घट्ट बनियन, त्यावर शर्ट. महापालिकेच्या तलावावर मित्र पोहायचे, मी काठावर चपला सांभाळत बसायचो. जिम केली, वजन उतरलं, छाती तशीच, कारण आत चरबीबरोबर गाठही असते, ती व्यायामाने जात नाही. डॉक्टरने आधी हार्मोनच्या तपासण्या केल्या, कुठली औषधं आणि जिमच्या पावडरी घेतो ते विचारलं. वयात येताना होतं ते बऱ्याच मुलांचं दोन वर्षांत आपोआप जातं म्हणाले. माझं गेलं नव्हतं. मागच्या वर्षी केलं. दीड महिना अंगाला आवळून बसणारं जाकीट घातलं. निपलच्या कडेला बारीक व्रण आहे.

घरचे म्हणाले होते, हे कुणाला दिसतंय? मला दिसत होतं. रोज.

@आजोबा, तुम्हाला उलट बोलायचं नाही, फक्त सांगावंसं वाटलं.

आजोबा_७२

पोहायला जातोस का आता?

वाचनमात्र

शिकतोय. नाकातोंडात पाणी जातं.

गोदाकाठची

उशीर झाला लिहायला. डॉक्टरांच्या प्रतिसादाचा राग आला होता, खरं सांगते. मग लेकीला विचारलं. ती म्हणाली, "आई, तुला आत्ता विचारायचंय?" आणि पर्समधून नाकात घालायच्या थेंबांची बाटली काढून ओट्यावर ठेवली. मग ड्रॉवरमधून अजून तीन रिकाम्या. दोन वर्षं रोज रात्री घालतेय. त्याशिवाय उजवीकडून श्वासच येत नाही म्हणे. मी समजत होते हिला सारखी सर्दी होते, वर आल्याचा काढा पाजत होते.

डॉ_सुईदोरा

ते थेंब पाच-सात दिवसांपलीकडे घातले की उलटतात. असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, म्हणून माणूस पुन्हा घालतो. सवय लागते. ते सोडवणं पहिलं काम. तपासणीला जाल तेव्हा बाटल्या सोबत न्या.

भरीतभाकर

ताई, काढा वाया गेला नसेल, एवढं मनावर घेऊ नका. पुढे काय झालं ते नक्की लिहा.

गोदाकाठची

जाऊन आलो. विपूत तिघांनी जी नावं दिली त्यातलं एक दोघांत सारखं होतं, त्यांच्याकडे. पदवी तपासली, कौन्सिलची नोंदही बघितली. मी फाइल घेऊन ऐटीत बसले, त्यांनी मलाच बाहेर बसवलं. पंचवीस मिनिटं. बाहेर मासिकं चाळायला घेतली, एक अक्षर वाचलं नाही.

नंतर आत बोलावलं. त्यांनी तिच्या हातात आरसा देऊन 'नक्की काय खटकतं ते एका बोटाने दाखव' असं विचारलं होतं म्हणे. तिने कललेली बाजू दाखवली. उंचवटा राहू दे म्हणाली, चष्मा त्यावर छान टेकतो. ज्या उंचवट्यापायी मी रात्री जागवल्या, त्यावर ही चष्मा टेकवून बसलीय.

ठरलं ते असं. आधी थेंब बंद, त्यासाठी दुसरा फवारा दिलाय. मग स्कॅन. परीक्षा झाल्यावर मे महिन्यात आतला पडदा आणि बाहेरचं हाड एकाच वेळी. काही जणांना नंतर पुन्हा थोडं दुरुस्त करावं लागतं, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. सहावीतला केस पेपर लसीकरणाच्या कार्डाच्या घडीत सापडला, विमावाल्यांना दंडवत. नवा फोटो सात फुटांवरून यांनी काढला. त्या बाईंना काही पाठवला नाही. बघण्याचे कार्यक्रम तिने पुढच्या दिवाळीपर्यंत पुढे ढकललेत. माझं कुणी विचारलं नाही.

आता माझीच गंमत. उठताना डॉक्टर म्हणाले, "आणि तुमच्या कानाचं काय?" लग्नातले झुबे २५ वर्षं वापरून माझं डाव्या कानाचं भोक लांबत लांबत गेलं, गेल्या गौरींना पाळी खालून फाटलीच. तेव्हापासून डावीकडे केस पुढे घेऊन फिरते. गुरुवारी करून टाकलं. नुसती सुई देऊन बधिर केलं, अर्धा तास, पाच टाके, आठवड्याने काढले. घरी येऊन साबुदाणा भिजवला. लेक म्हणते, नाक माझं आणि ऑपरेशन आईचं.

तीन महिन्यांनी नव्याने टोचायला सांगितलंय. सराफ बाजारातल्या आमच्या सोनाराकडे टोचलं तर चालेल का? पहिल्यांदा सोन्याची तार घालायची ना?

दिंडोरीची_सून

सोन्याचीच. पितळेवर पाणी दिलेलं घालू नका, कान चिघळतो.

डॉ_सुईदोरा

सोनाराला जुन्या व्रणाच्या रेघेवर टोचू देऊ नका, थोडं बाजूला घ्यायला सांगा, नाहीतर पुन्हा तिथेच फाटेल. पाळीवर गाठ उठते असं वाटलं तर लगेच दाखवा, आपल्याकडे कानाच्या पाळीला ते फार होतं. आणि झुबे फक्त सणाला.

गोदाकाठची

सणाला म्हणजे संकष्टी धरायची का?

डॉ_सुईदोरा

नाही.